सिनेमात उघडलेलं दार

मावशी आपल्या खोलीचं कुलूप काढण्याआधी किल्ल्यांचा जुडगा दोनदा वाजवत, क्षणभर थांबत आणि मग दार ढकलत. खोलीत कोणी नसे. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घोडपदेवच्या चाळीतली तळमजल्यावरची एक खोली आणि त्यात त्या एकट्या. मी पहिल्यांदा त्यांना घरी सोडायला गेले तेव्हा न राहवून विचारलं, "आत कोण आहे?"

"कोण असणार?" त्या म्हणाल्या. "सवय गो. दार एकदम उघडलं की बायका दचकतात. एक दचकली की सगळा वॉर्ड दचकतो."

शहराच्या टोकाला असलेल्या एका मनोरुग्णालयात मावशींनी बायकांच्या वॉर्डात आयुष्यभर काम केलं होतं. आंघोळी घालायच्या, जेवण वाढायचं, औषध गिळलं की नाही ते जीभ उचलायला लावून बघायचं, कुलपं लावायची आणि काढायची. तिथल्या कामवाल्या बायकांना सगळे मावशीच म्हणतात. रिटायर झाल्यावरही तेच नाव राहिलं. चाळीतली म्हातारी माणसंसुद्धा त्यांना मावशी म्हणत.

माझी त्यांची गाठ एका सिनेमामुळे पडली. मनोरुग्णालयात राहणाऱ्या पाच तरुण मुलींची गोष्ट होती. दिग्दर्शिका माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी, तिचा पहिलाच सिनेमा. बाई प्रामाणिक होती, पुष्कळ वाचलं होतं तिनं. तिला आतलं बघितलेलं कोणीतरी सेटवर हवं होतं. कुणाच्या तरी ओळखीतून मावशी सापडल्या. मी तिसरी असिस्टंट. उद्या कोणी किती वाजता यायचं ती कॉलशीट बनवणं आणि माणसं वेळेवर आणून उभी करणं हे माझं काम. मी दादरला राहत होते, म्हणून सगळ्यांनी ठरवून टाकलं की घोडपदेव माझ्या वाटेवर आहे. रोज सकाळी टॅक्सीनं मावशींना घ्यायचं आणि रे रोडला पोचायचं. तिथं लाकडाच्या वखारींच्या मागे एक बंद पडलेला दवाखाना होता. त्यात आमचा वॉर्ड उभा केला होता.

पहिल्या दिवशी दिग्दर्शिकेनं हौसेनं सेट दाखवला. मावशी दारात उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि वर बघितलं.

"पंख्याला जाळी कुठाय?"

सगळ्यांनी वर बघितलं.

"आणि हा पडदा कशावर अडकवलाय? दोरीवर? काढा ती दोरी. आरसा काढा. स्टीलचा जग कोणी ठेवला? प्लास्टिकचा आणा." मग त्या भिंतीपाशी गेल्या. आमच्या कलादिग्दर्शकानं दोन दिवस खपून भिंतीवर कोळशानं डोळे काढले होते, अर्धवट वाक्यं लिहिली होती, एकच नाव पन्नास वेळा गिरवलं होतं. "हे कोणी लिहिलं?"

"पेशंटनी," तो म्हणाला. "म्हणजे तसं दाखवायचंय."

"पेशंटला कोळसा कोण देतो?"

तो हसला. मावशी हसल्या नाहीत. "लिहायला काय मिळत नाय तिथं. मिळालं असतं तर भिंतीवर कशाला, बऱ्याच जणींनी घरी पत्रं लिहिली असती."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत भिंत रंगवून झाली होती.

जेवणाची सुट्टी हा तर वेगळाच सोहळा. मावशी युनिटचे चमचे मोजत. जेवणाआधी एकदा, नंतर एकदा. हिशेब जुळेपर्यंत कोणाला उठू देत नसत. पहिले दोन दिवस पोरं चिडली, मग गंमत म्हणून बसू लागली. एकदा एक चमचा कमी भरला. चाळीस माणसं वाकून वाकून शोधत होती. शेवटी साउंडवाल्याच्या डब्यात सापडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी टॅक्सीत मावशी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आमच्याकडे एकदा एक कमी पडलेला. दुसऱ्या दिवशी सापडला." मी विचारलं, कुठं? "ते नाय सांगणार," त्या म्हणाल्या. 

त्या कोणाला नमस्कार करत नसत, गुड मॉर्निंग तर नाहीच. भेटलं की एकच प्रश्न, "झोप लागली?" स्पॉटदादाला, मेकअपवाल्याला, निर्मात्यालासुद्धा. आणि उत्तराची वाट बघत. माणूस 'हो हो' म्हणून पुढे निघाला तर त्याच्या डोळ्यांकडे बघून ठरवत, खरं बोलतोय की नाही. दिग्दर्शिकेला एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ही चार रात्री झोपलेली नाय. हिला कोणीतरी गोळी द्या, नायतर सुट्टी द्या." ती ओशाळून हातातले कागद चाळू लागली.

मला त्या रोज टॅक्सीत बसता बसता विचारत. मी तेव्हा दादरला तीन मुलींबरोबर एका खोलीत राहत होते. चौघींच्या कामाच्या वेळा वेगळ्या. मी महिनोन् महिने त्यांना फक्त झोपलेलं बघितलं होतं. गावाहून आईचा फोन येई, तोही जेवलीस का एवढ्यापुरता. एका सकाळी मावशींनी विचारलं आणि मी खरं सांगितलं, "नाही लागली. बरेच दिवस लागत नाही."

त्यांनी माझा हात ओढून मांडीवर घेतला आणि रे रोड येईपर्यंत तसाच धरून ठेवला. धरायची पद्धत मात्र मायेची नव्हती. नाडी बघतात तशी मनगटावर बोटं.

वॉर्डातल्या बायका त्यांच्या बोलण्यात नंबरानं येत. नंबर म्हणजे खाटेचा. अकरा नंबर सुरेख गायची. चोवीस नंबर दर शनिवारी लग्नाची तयारी करायची, उशीची खोळ डोक्यावर घेऊन बसायची. सहा नंबर कोणाशी बोलायची नाही, पण मावशींची सुट्टी असली की जेवायची नाही. मी एकदा विचारलं, "त्यांची नावं नाही आठवत?" तर म्हणाल्या, "आठवतात ना. म्हणून तर घेत नाय."

पाचव्या की सहाव्या दिवशीची गोष्ट. सीन असा होता की नायिकेला झटका येतो, ती किंचाळते, दोघीजणी तिला धरून खाटेवर पाडतात. ज्युनिअर आर्टिस्ट बायका तिला अशा धरत होत्या की जशी नवरीला बोहल्यावर नेतायत. दिग्दर्शिका वैतागली. "मावशी, तुम्ही करून दाखवता का?"

"नको," मावशी म्हणाल्या.

"फक्त एकदा. म्हणजे त्यांना कळेल."

"नको म्हटलं ना."

पण नायिकाच म्हणाली, "करा ना मावशी, मला पण कळू दे." पोर बावीस-तेवीसची, कामाशी इमान राखणारी. मावशींनी तिच्याकडे बघितलं. मग उठल्या. पुढचं सगळं इतकं पटकन झालं की मला अजून त्याचा क्रम लावता येत नाही. त्या मागून गेल्या, एका हातानं तिचा दंड, दुसऱ्यानं मनगट, गुडघा पाठीत, आणि मुलगी खाटेवर पालथी. ती ओरडली. अभिनयातलं नव्हतं ते ओरडणं. मावशींच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. भांडी घासताना असतो तसा चेहरा.

त्यांनी सोडलं तेव्हा मुलीच्या दंडावर बोटं उमटली होती. 

"असं करायचो," मावशी म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "दिवसाला दोनदा, तीनदा. तेव्हा काय वाटायचं नाय. घरी जाऊन भाकऱ्या थापायचे." मग म्हणाल्या, "आता वाटतं. आता वेळ हाय ना वाटायला."

नायिका दोन दिवस त्यांच्यापासून लांब राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच त्यांच्या बाजूच्या खुर्चीत येऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, झोप लागली?" मावशींना हा प्रश्न कोणी विचारल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी नुसता तिचा दंड वळवून बघितला.

त्याच आठवड्यात एकदा शूटिंग दुपारीच आटोपलं. मी त्यांना सोडायला गेले तर म्हणाल्या, "बस. भात टाकते." सुकटीची चटणी आणि भात खाऊन आम्ही दारात बसलो, आणि तिथं त्यांनी मला निर्मलाची गोष्ट सांगितली. मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं वॉर्डातलं पहिलं नाव ते.

निर्मला एकोणीस वर्षांची असताना आली. आई गेली, त्यानंतर तिची झोप उडाली. खाणं सुटलं, घरातून निघून वरळीला जाऊन समुद्राकडे बघत बसायची. भावानं आणून सोडली. आठ-नऊ महिन्यांत बरी झाली. डॉक्टरांनी घरी न्यायला हरकत नाही असं लिहिलं. भावाला पत्रं गेली, उत्तर नाही. असं करता करता दोन वर्षं गेली. शेवटी ऑफिसनं मावशींच्या हातात कागद दिला. हिला घरी पोचवून या.

"लालबागला चाळ. दुसरा माळा. दुपारची वेळ, सगळ्यांची दारं सताड उघडी. आम्ही जिना चढून गॅलरीत आलो आणि शेवटचं दार बंद झालं. माझ्या डोळ्यांदेखत. शेजारीण म्हणाली, ते इथं राहत नाहीत आता. निर्मला दाराला कान लावून उभी. मला हळूच म्हणते, मावशी, आत दादा खोकतोय."

त्या संध्याकाळपर्यंत जिन्यात बसून राहिल्या, दोघी. चाळीतली माणसं त्यांना ओलांडून वर-खाली करत होती. कोणी पाणी दिलं नाही. निर्मला रडली नाही. पाच वाजता तीच म्हणाली, "मावशी, चला. जेवणाची घंटा होईल."

 पलीकडे कोणीतरी मुलाला अभ्यासाला बसवत होतं.

"लालबागवरनं ही खोली चालत पंचवीस मिनिटं," त्या म्हणाल्या. "सासू होती, नवरा होता, जागा एवढीशी. आणि नियमात बसत नव्हतं. सगळं खरं. पण मी विचारलं पण नाय कोणाला. तिला बसमध्ये बसवली आणि परत नेली. कुलूप मीच लावलं."

"आता कुठं असते ती?"

"तिथंच. पन्नाशी उलटली तिची. मी जाते ना. दर दुसऱ्या रविवारी."

सिनेमाला शेवट सुचत नव्हता. दिग्दर्शिका रोज नवा लिहायची आणि रोज फाडायची. एका मीटिंगमध्ये ती अगदी रडकुंडीला आली आणि मी बोलून गेले. जिना, बंद झालेलं दार, आतलं खोकणं.  मला वाटलं, मी मदत केली. खरं सांगायचं तर मला आवडलंही, की पहिल्यांदाच सगळे माझ्याकडे बघतायत.

"पण दार बंद ठेवून संपवता येणार नाही," दिग्दर्शिका म्हणाली. "लोकांना काहीतरी हातात देऊन घरी पाठवायला हवं. भावानं दार उघडायला पाहिजे."

तो सीन गिरगावातल्या एका चाळीत झाला. त्या दिवशीच्या कॉलशीटवर मावशींचं नाव नव्हतं. कॉलशीट मी बनवली होती. आदल्या संध्याकाळी त्यांनी फोनवर विचारलं, "उद्या किती वाजता गो?" मी म्हटलं, "उद्या तुमचं काम नाही मावशी, आराम करा."

सिनेमा लागला तेव्हा मीच त्यांना दादरच्या थिएटरात घेऊन गेले. आधी सांगायला हवं होतं. रोज ठरवायचे आणि रोज राहून जायचं. दुपारचा खेळ, आत पंधरावीस माणसं. मावशी खुर्चीत ताठ बसून बघत होत्या. त्यांच्यावरूनच घातलेला चमचे मोजायचा सीन आला तेव्हा मान डोलावली. मग लालबागची म्हणून दाखवलेली ती चाळ आली, जिना आला, आणि मला त्यांच्याकडे बघायचा धीर झाला नाही. दार बंद झालं. नायिका जिन्यात बसली. मग संगीत सुरू झालं आणि दार उघडलं. आमच्या मागं कोणीतरी मुसमुसत होतं.

मावशी उठल्या आणि बाहेर गेल्या.

मी धावत गेले. त्या फुटपाथवर एका फुलवालीच्या शेजारी उभ्या होत्या. मी म्हटलं, "मावशी, चुकलं माझं. तुम्ही विश्वासानं सांगितलं होतं, मी कोणाला सांगायला नको होतं."

"सांगितल्याचं काय नाय. मी आयुष्यभर कोणाला सांगितलं नाय, त्यानं कोणाचं भलं झालं?" त्या चिडल्या की मालवणीवर यायच्या, कशालाच्या जागी कित्याक यायचं. "पण दार कित्याक उघडलात? आता एवढी माणसां घरी जातली, म्हणतली, बरां झालां, पोर घरी गेली. मगे तिची चौकशी कोण करतला?"

 मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "या रविवारी मी येऊ तुमच्याबरोबर?"

"नको." आवाज एकदम थंड झाला. "तू एकदा येशील. मग ती दर खेपेला वाट बघेल. मला उत्तर देत बसावं लागेल."

त्यांनी टॅक्सी थांबवली आणि एकट्या गेल्या. त्यानंतर त्यांनी माझा फोन उचलला नाही. मी दोनदा घोडपदेवला गेले. एकदा कुलूप होतं. दुसऱ्यांदा त्या आत होत्या, मला बघितलं, आणि तांदूळ निवडत राहिल्या. उंबऱ्याबाहेर उभी राहून मी परत आले. इतकं रागावून माझ्याशी तोवर कोणी वागलं नव्हतं. इतकं आपलं मानूनसुद्धा नाही, हे मला टॅक्सीत कळलं.

दीडेक वर्षानं अनोळखी नंबरावरून फोन आला. देवगडकडचा आवाज. मावशींचा भाचा होता. मावशी मोरीत पडल्या, खुबा मोडला, त्यानं त्यांना गावी नेलं होतं. आता त्या मुंबईला येतील असं वाटत नव्हतं. "मावशी म्हणते, तुम्हाला कळवायचं," तो म्हणाला. "कोणीतरी रविवारी जायला पाहिजे म्हणते. काय ते तुम्हाला ठाऊक असेल. मी विचारलं, दुसऱ्या कोणाला सांगू का? तर म्हणाली, दुसरं कोणी नाही."

मी गेले.

ऑफिसात मावशींचं नाव सांगितल्यावर फारसं कोणी अडवलं नाही. एका बाकावर बसवलं. थोड्या वेळानं एक बाई आली. ठेंगणी, केस बारीक कापलेले, अंगावर हॉस्पिटलचा हिरवा गाऊन. तिनं माझ्या मागं बघितलं, मग दरवाजाकडे बघितलं. मी मावशींचं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. कुठला पाय, टाके किती, भाचा बरा वागवतो का, सगळं विचारलं.  मी नेलेलं केळं तिनं सोलून अर्धं मला दिलं.

"तुम्ही सिनेमावाल्या ना?" ती म्हणाली. "मावशींनी सांगितलं होतं. सिनेमात माझा दादा दार उघडतो."

 मावशींनी तिला सांगितलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी मान हलवली.

"खरंच उघडतो?"

"हो."

"मग काय म्हणतो?"

ते वाक्य मी लिहिलं होतं. दिग्दर्शिकेला फार आवडलं होतं, साधं आणि घरगुती म्हणून. मी म्हटलं, "म्हणतो, आत ये निमा, चहा टाकतो."

 उरलेलं केळं निर्मलानं हळूहळू खाल्लं, साल नीट घडी करून मला परत दिली.

"दादा चहा पीत नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे कोणीच पीत नव्हतं. घरात चहाची पूड नसायची." आणि माझी चूक झाली म्हणून मला वाईट वाटू नये अशा आवाजात पुढे म्हणाली, "पण सिनेमात चालतं."

घंटा झाली तेव्हा ती आपणहून उठली. पुढच्या वेळचं तिनं काही विचारलं नाही. 

आता मी जात असते. दर दुसऱ्या रविवारी जमत नाही. शूटिंग असतं, कधी नुसताच कंटाळा येतो, आणि तो आला की दिवसभर स्वतःचं तोंड बघवत नाही. गेले की मात्र परतताना गावी फोन लावते. भाचा मावशींच्या कानाला फोन धरतो. त्या निर्मलाचं विचारतात, अंग धरलंय का, दात दुखतोय का, आणि ठेवून देतात. माझ्याविषयी एक शब्द नाही.

पहिल्या खेपेला मात्र मी त्यांना सगळं सांगितलं होतं. केळ्याचं, सिनेमातल्या वाक्याचं, निर्मला काय म्हणाली त्याचं.  पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता. 

"चहाचां माका ठाऊक होतां," मावशी म्हणाल्या. "विचारलं असतंस तर सांगितलं असतं."